रामपूरच्या दादांना, विट्याहून

आदरणीय दादा, सप्रेम नमस्कार.

जानेवारीत हिमाचलमधल्या रामपूर बुशहरच्या बाजारातून जाताना आमचे बोलणे कानावर पडले आणि आपण दुकानाबाहेर येऊन विचारलेत, "पाव्हणं, विट्याकडचं का?" गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या, धंद्यामुळे आपल्या खानापूर-आटपाडीची माणसे देशभर पसरली आहेत, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे; माझे दोन मामा त्याच वाटेने गेले. तरीही सतलजच्या काठी, सांडशीतली मूस बाजूला ठेवून, तेजाबाने पिवळी पडलेली बोटे पुसत कोणी आपल्या बोलीत गाव विचारील, असे मनातही आले नव्हते. चहा पिताना आपण एकच गोष्ट दोनदा बजावलीत, की डोके दुखू लागले तर वर जायचे नाही, मग गाडीवाला काहीही म्हणो. निघताना स्वतःचा लोकरी कोट ह्यांच्या खांद्यावर टाकलात.

आमच्या प्रवास कंपनीने एका दिवसात स्पिती खोऱ्यातले ताबो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याही वरचे काझा अशी आखणी केली होती. रामपूर सुमारे १,००० मीटर उंचीवर, ताबो ३,००० मीटरच्या वर आणि काझा सुमारे ३,६५० मीटरवर. विरळ हवेची सवय व्हायला शरीराला सवडच नव्हती. ताबोत पहिल्याच रात्री ह्यांचे डोके ठणकू लागले, उलट्या झाल्या, आणि गाडीवाला मात्र सकाळी काझा गाठायचेच म्हणून अडून बसला. साडेअकराला मी आपल्याला फोन केला. "ताई, वर एक पाऊलबी नको," एवढे पहिले वाक्य. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर उजाडायची वाट न पाहता खाली उतरा, असे सांगून आपण रात्रभर फोन करत राहिलात, आणि सकाळी आपल्याकडे जुनी चांदी आटवायला आणणाऱ्या तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरी आमची सोय केलीत. तिसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतःहून जेवायला मागितले. काझा राहिले ते राहिलेच. त्या घरात आम्ही नऊ दिवस होतो, आणि त्या नऊ दिवसांसाठीच हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

तीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला. 'थंड वाळवंट' हे दोन शब्द फळ्यावर कितीदा लिहिले असतील. त्यांचा अर्थ मला त्या घरच्या आजींच्या हंड्यात दिसला. नळ गोठलेला होता, म्हणून त्यांनी अंगणातला ताजा बर्फ हंड्यात दाबून भरला आणि शेगडीवर ठेवला. त्या शेगडीला तिकडे तंदूर म्हणतात. काठोकाठ भरलेला हंडा वितळला तेव्हा तळाशी चार-पाच बोटे पाणी उरले. त्यातच चहा, त्यातच भांडी, आणि भांड्यांचे खरकटे पाणी कोमट असतानाच गाईपुढे. माझी आई टँकरच्या दिवसांत अगदी असेच करायची. टेंभू उपसा योजनेचे पाणी आल्यापासून आमच्या घरात ती सवय मोडली होती, हे मला तिथे उमगले आणि वाईट वाटले.

हिवाळ्यात सारे घर एका खोलीत, एका शेगडीभोवती राहते. लाकूड मोजून, शेण वाळवून ठेवलेले. डाळ कुकरशिवाय शिजतच नाही, कारण त्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळते. बर्फ पडून गेला की पहिले काम छतावर चढून तो लोटण्याचे. कारण लाकडी वाशांवर काटक्या आणि त्यावर माती असे ते छत बर्फ वितळला की गळते. ते पाहून मला आमच्या आजोळचे माळवद आठवले आणि मृगाआधी त्यावर पांढरी माती पसरणारे आजोबा आठवले. मातीवरचा तो विश्वास ताबोच्या मठातही दिसला. इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेल्या त्या मठाच्या भिंती मातीच्या आहेत, आणि आतली चित्रे अजून भिंतींवर आहेत.

आजोबांना, म्हणजे त्या घरच्या यजमानांना, मी विचारले की एवढ्या बर्फाचा कंटाळा येत नाही का. त्यांनी तुटक हिंदीत सांगितले की बर्फ कमी पडला तर उन्हाळ्यात पाटाला पाणी येत नाही, मग वाटाणा आणि सातू दोन्ही जातात. आपल्याकडचा शेतकरी आभाळाकडे पाहून जे बोलतो, तेच ते बोलत होते.

आपण आम्हाला थांबवले नसते, तर हे सारे गाडीच्या काचेतून पाच मिनिटांत मागे पडले असते, आणि ह्यांच्या जिवाचे काय झाले असते याचा विचार मी अजूनही टाळते. परतीची जीप ठरवून दिलीत, तिचे पैसेही घेतले नाहीत. आपले हे ऋण मी मनापासून मानते.

आजींसाठी शेंगदाण्याची चटणी आणि गूळ वेगळा बांधून पाठवत आहे, तेवढा पोहोचता करावा. यात्रेला गावी याल तेव्हा घरी जेवायलाच या; आपला कोट धुऊन, कडुनिंबाचा पाला घालून कपाटात ठेवला आहे.

आपली,
विट्याची ताई