वेलांटीचं आधी ठरव

इंदूर, सोमवार

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या लेकीचं नाव अहिल्या ठेवू म्हटलं, तर तू "शाप लागलेलीचं नाव कशाला" म्हणालास आणि मी फोन ठेवून दिला. ठेवायला नको होता. पण वाल्मीकींच्या बालकांडात अहल्या दगड होतच नाही रे. वारा खाऊन, राखेत पडून, कुणाला न दिसता ती तप करते. शिळा झाली ती पुढच्या कथांत. उत्तरकांडात तर नावाची फोडच आहे: हल म्हणजे कुरूपता, ती जिच्यात नाही ती अहल्या. हल म्हणजे नांगर धरलास, तर न नांगरलेली भुई. जुने पंडित कुमारिल भट्ट, त्यांनी तिसरंच काढलं: अहन् म्हणजे दिवस, त्यात लीन होते ती रात्र, आणि इंद्र म्हणजे सूर्य. मला भुई आवडते. बाबांनी रात्रच धरली असती.

ते असो. वेलांटीचं आधी ठरव. संस्कृतात अहल्या, आपल्या तोंडी अहिल्या. 1725 मध्ये चौंडीला जन्मलेल्या अहिल्याबाईंमुळे इथलं विद्यापीठ घे, विमानतळ घे, दोन्हीकडे अहिल्याच. तुमच्या बंगळूरचा कारकून मात्र सवयीने अहल्या लिहील. इंग्रजीत एच-नंतर ए की आय, एवढाच फरक, पण शाळा, आधार, पासपोर्ट सगळं जन्मदाखल्यावरून चालतं. जन्माची नोंद 21 दिवसांत हवी. नाव मात्र रिकामं ठेवता येतं. 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालून देतात, पुढे 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून. तेव्हा नोंदीला उशीर नको आणि नावाला घाई नको. एकदा छापलं की दुरुस्तीला अर्ज, पुरावे, हेलपाटे. तुझ्या दहावीच्या गुणपत्रिकेत एक 'ए' जास्तीचा पडला होता, आठवतं? भर मेमध्ये स्कूटरवरून बाबांच्या चकरा, आणि तू मागे बसून पेप्सीकोला चोखत होतास.

बघ, शिकवायलाच लागले. चुकलं. बाप झालास, तुला कळतं. काल तिला खांद्यावर घेऊन एका हाताने फोन धरला होतास, ते पाहून किती बरं वाटलं, ते सांगायचंच राहिलं. तिची कावीळ उतरली का? डॉक्टर काय म्हणाले ते नीट लिही, "ठीक आहे" एवढंच नको.

बारशाला वैशू ग्वाल्हेरहून येते आहे. कानात कुर्रर्र करून ती अहिल्याच म्हणणार, मी सांगून ठेवलंय. कागदावर तुम्हा दोघांना अहल्या हवं असेल तर तसं करा. मी वेलांटी लावूनच हाक मारीन.

फक्त फॉर्म देण्याआधी त्याचा फोटो पाठव. रात्री उशीर झाला तरी चालेल, मी जागीच असते.

आई