हम (स्पीकरमधलं घुमणं) घालवायला अर्थिंगची पिन तोडू नका

मा. संपादक,

गणपती तोंडावर आलेत, गल्लोगल्ली मंडप पडतील, ऑर्केस्ट्राच्या तारखा लागतील, म्हणून आत्ताच लिहितोय. मी बेळगावात शहापूरला राहतो आणि बारा वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. हल्ली आपल्याकडची पोरं पेडलबोर्ड (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायानं दाबायच्या पेडलांची फळी) घेऊन स्टेजवर येताहेत, दोन अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारे डबे) लावून स्टिरिओ, म्हणजे डावी-उजवीकडं वेगळा आवाज, वाजवायची हौस सगळ्यांना, आणि ती असायलाच पाहिजे, कारण गवयाच्या मागं दोन्ही बाजूंना तंबोरे लागले की मधे जो भरीव सूर उभा राहतो तो एका तंबोऱ्यातनं येत नाही, आणि कुमार गंधर्व ज्या सुळेभावीत जन्मले त्या बेळगाव जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको.

पण दोन वर्षांमागं खानापूर तालुक्यातल्या एका गावात काय झालं ते ऐका. स्टेजच्या डाव्या अंगाला एक अ‍ॅम्प, उजव्या अंगाला दुसरा, दोघांची लाईट वेगवेगळ्या बोर्डावरनं. जॅक लावला तशी घूंऽऽ सुरू. तिथल्या पोरानं पक्कड घेतली आणि दोन्ही प्लगांची मोठी पिन, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची पिन, तोडून टाकली. घुमणं बंद, सगळे खूश. दुसऱ्या गाण्यात कोरसला माइकजवळ गेलो, ओठ जाळीला लागला आणि असा झटका बसला की डोळ्यापुढं पांढरं झालं, तारांवरचा हात क्षणभर सुटेना. पाऊस पडून गेलेला, फळ्या ओल्या. थोडक्यात वाचलो.

एका गिटारला दोन अ‍ॅम्प जोडले की अर्थिंगला दोन वाटा मिळतात, त्यांचं वेटोळं होतं आणि लाईटचा 50 हर्ट्झचा हम त्यात शिरतो. म्हणून दोन्ही अ‍ॅम्प एकाच बोर्डावर लावा, तरी घुमलं तर एका अ‍ॅम्पकडं जाणाऱ्या केबलला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा स्प्लिटर (सिग्नल दोन वाटांना फोडणारा, पण अर्थ जोडू न देणारा डबा) घ्या. तोडायचं ते सिग्नल केबलमधलं अर्थचं जोडकाम, लाईटचं अर्थिंग कधीच नाही.

पॅरलल जोडणाऱ्यांनी आणखी थोडं ऐकावं. गिटारचा आवाज दोन वाटांनी फोडायचा, एकीकडं साधा, दुसरीकडं डिले (प्रतिध्वनी) नाहीतर डिस्टॉर्शन (खरखरीत, फाटका आवाज), आणि शेवटी एकत्र आणायचा, यात साधा आवाज जसाच्या तसा राहतो हीच गंमत. फोडायला बफर (सिग्नल कमजोर होऊ न देणारं सर्किट) असलेला स्प्लिटर बरा, पण परत एकत्र आणायला साधी वाय केबल (दोन तोंडं एकात जोडणारी) चालत नाही, दोन पेडलांचे आउटपुट एकमेकांना ओढतात, छोटा मिक्सरच पाहिजे. काही पेडलं आवाज उलटा करून बाहेर काढतात, मग एकेक वाट वेगळी ऐकली की मस्त आणि दोन्ही चालू केल्या की खर्जच गायब. असं झालं तर पेडल खराब नाही, एका वाटेच्या आवाजाचा फेज (लहरीची वर-खाली दिशा, लाईटचा फेज नव्हे) उलटवा. डिजिटल डिले असेल तर त्यातला साधा आवाज बंद करून फक्त प्रतिध्वनी घ्या, नाहीतर मशीनमधनं एक-दोन मिलिसेकंद उशिरा आलेला आवाज मूळ आवाजाला खातो आणि सगळं नाकात बोलल्यासारखं वाजतं.

आणि मंडपात पूर्ण स्टिरिओ करू नका असं माझं स्पष्ट मत. डाव्या स्पीकरपाशी बसलेल्या आजीला उजवीकडचं काही ऐकू येत नाही. मूळ गिटार दोन्हीकडं सारखी सोडा, डिलेचे पडसाद तेवढे डावी-उजवीकडं फिरवा.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, स्टेजच्या बोर्डाला 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी, वादक यायच्या आधी, वायरमनला बोलावून अर्थिंग तपासायला सांगा. तुटक्या पिनचा प्लग दिसला तर तो स्टेजवर चढवू देऊ नका, मग साउंडवाला किती का ओळखीचा असेना.

आपला,
एक गिटारवादक, शहापूर, बेळगाव