उतारावरचा रेटा

वाळवा, जि. सांगली
दि. २० सप्टेंबर

प्रिय शिवाजी,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. या हंगामात कारखान्याला उसाच्या एकाऐवजी दोन ट्रॉल्या ओढायच्या, म्हणून ट्रॅक्टरचा डिझेल पंप वाढवून, म्हणजे इंजिनात जास्त डिझेल सोडून, घेण्याचा तुझा विचार वाचला आणि राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसलो. पंप वाढवू नकोस. जास्तीचे डिझेल पुरते जळत नाही, काळा धूर निघतो, इंजिन तापते आणि हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालच्या पॅकिंगवर, बेतते. शिवाय इंजिनाने कितीही जोर लावला, तरी क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल मूळच्याच ताकदीचे राहतात.

तुझा ट्रॅक्टर ओढेल रे, पण थांबेल का, याची मला काळजी वाटते. आमच्याकडे सारे सपाट आहे, तुझा रस्ता मात्र पाटण खोऱ्यातला, चढउतारांचा. ट्रॉल्या आणि ऊस मिळून २० टन धरले आणि रस्ता १०० फुटांत ५ फूट उतरत असला, तर सुमारे एक टनाचा रेटा ट्रॅक्टरच्या पाठीत सतत बसतो. ट्रॉल्यांना ब्रेक नसतील, तर तो रेटा सव्वादोन टनांच्या ट्रॅक्टरने एकट्याने अडवायचा, आणि वळणावर हीच ट्रॉली त्याला आडवा लोटते.

मागच्या हंगामात माझ्यावर हा प्रसंग आला. कॅनॉलच्या पुलावरून उतरताना गिअर बदलायला मी क्लच दाबला, तेवढ्यात मागून धक्का बसला. ब्रेक दाबूनही मागची चाके घसरत गेली आणि ट्रॅक्टर तिरका होऊन साइडपट्टीवर थांबला. सुदैवाने समोरून कोणी आले नाही. घरी येऊन ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या हुकची पिन काढली, तर कड्यात बसणारा भाग एका बाजूने झिजून तिथे बोटाला लागेल अशी कडा पडली होती, आणि त्या कडेलगत केसासारखी बारीक चीर गेली होती. रोज त्या पिनेवर हात ठेवूनही ती मला कधी दिसली नव्हती.

त्यानंतर मी पहिला खर्च दोन्ही ट्रॉल्यांना हवेचे ब्रेक बसवण्यावर केला. ट्रॉल्यांचे ब्रेक ट्रॅक्टरच्या ब्रेकच्या किंचित आधी लागतील असे ते जुळवून घे, म्हणजे गाडी मागून ताणलेली राहते आणि ट्रॅक्टरवर चढत नाही. दोनचाकी ट्रॉली हुकवर भार टाकते, त्यामुळे चढावर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकेनासे होते. त्यासाठी पुढे वजने लाव. रस्त्यावर दोन्ही ब्रेकपेडल एकमेकांना जोडूनच चालव, कारण एकच दाबले गेले तर भरली गाडी तिथल्या तिथे फिरते. ज्या गिअरमध्ये चढ चढशील, त्यातच उतर, आणि तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वी टाक. वेग दुप्पट झाला की थांबवण्याचे काम चौपट होते, हे ड्रायव्हरला बजावून सांग. वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली, मागचे रिफ्लेक्टर झाकले जातात, तेव्हा लाल पट्ट्या बाहेरच्या कडेला चिकटव.

दसऱ्याच्या आधी दोन दिवस इकडे ये. माझी ट्रॉली भरून पुलावरून तुझ्याच हाताने उतरव, ब्रेक कसे धरतात ते पायाला कळेल. येताना तुझ्या हुकची पिन काढून बरोबर आण. आपण ती घासून उजेडात पाहू.

तुझा,
बाळासाहेब