प्रेसच्या आधी पुस्तक घ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी अमेरिकेत कॅन्सस सिटीजवळ राहतो आणि आपले दैनिक अनेक वर्षे वाचतो. गेल्या वर्षभरात येथील ओळखीच्या तीन मराठी तरुणांनी मला रीलोडिंगविषयी, म्हणजे उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरण्याविषयी, विचारले. प्रेस (पुंगळ्या भरण्याचे यंत्र) कोणता घ्यावा, डिजिटल तराजू चालेल का, असे तिघांनीही विचारले. कोणत्या गोळीमागे किती पावडर भरावी हे सांगणारे पुस्तक, म्हणजे मॅन्युअल, कोणते घ्यावे हे एकानेही विचारले नाही. त्यांतल्या एकाने मोबाइलवरच्या व्हिडिओतून उतरवून घेतलेला पावडरचा आकडा दाखवला, पण त्यासोबत ना प्रायमरचा (पुंगळीच्या बुडाशी बसवलेल्या, आघाताने पेटणाऱ्या टोपीचा) उल्लेख होता, ना गोळीच्या बनावटीचा. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले, तो प्रकार ५० मीटर रायफलचा होता. त्यातल्या .२२ काडतुसाचे पेट घेणारे रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेले असते, त्यामुळे ती पुंगळी पुन्हा भरताच येत नाही. शिवाय भारतात परवान्यावाचून काडतूस बनवणे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे नेमबाजीची आवड असलेल्या आपल्या मुलांनाही हे काम इकडे आल्यावरच प्रथम दिसते आणि घरात विचारावे असे जाणते माणूस नसते. येथे स्वतःच्या वापरापुरते काडतूस भरण्यास संघीय परवाना लागत नाही. मात्र एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना, शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक व काडतूस बाळगण्यासच मनाई आहे. त्यांनी या वाटेला जाण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

आता पुस्तकांविषयी. पहिले पुस्तक कोणत्याही एका गोळी-कंपनीला बांधलेले नसावे. या दृष्टीने लायमन कंपनीचे मॅन्युअल मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण त्यात अनेक कंपन्यांच्या गोळ्यांचे, तसेच शिशाच्या ओतीव गोळ्यांचेही आकडे असून बहुतेक ठिकाणी दाबाची नोंद दिलेली असते. दुसरे पुस्तक, आपण जी गोळी वापरणार तिच्याच कंपनीचे घ्यावे. सिएराची गोळी असेल तर सिएराचे, हॉर्नडीची असेल तर हॉर्नडीचे. सारख्या वजनाच्या दोन गोळ्यांची लांबी आणि घडण वेगळी असली, की पुंगळीत उरणारी जागा बदलते आणि तिच्याबरोबर दाबही बदलतो. तिसरा पडताळा पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या चालू वर्षाच्या आकड्यांशी करावा. ते फुकट मिळतात.

दोन पुस्तकांतले आकडे जुळत नाहीत म्हणून नवखा माणूस गोंधळतो. त्यात चूक कोणाचीच नसते. चाचणीसाठी वापरलेली बंदुकीची नळी, पुंगळी, प्रायमर आणि पावडरचा घाणा वेगळा असतो इतकेच. अशा वेळी सर्वांत कमी दिलेल्या आकड्यापासून सुरुवात करावी. कमाल आकड्याहून १० टक्के कमी भरून सुरुवात करावी, असा संकेत सर्वांच्या तोंडी आहे, पण तोही सर्वत्र लागू नाही. एच ११० ही पावडर ३ टक्क्यांहून अधिक कमी करू नये, असे ती विकणारी हॉजडन कंपनीच बजावते. असे अपवाद तक्त्याच्या पानावर सापडतीलच असे नाही; ते सुरुवातीच्या प्रकरणांत आणि तळटिपांत असतात, आणि नेमकी तीच पाने लोक उलटून पुढे जातात.

नावांच्या बाबतीत तर फार जपावे लागते. एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ या दोन वेगळ्या पावडरी आहेत आणि दुसरी पहिलीपेक्षा जलद जळते. आज दोन्हींची विक्री हॉजडनच करते, म्हणून घोटाळ्याला आणखी वाव. सुरुवातीच्या काळात एकदा मेजावर डबा आयएमआरचा आणि उघडे पान एचचे, अशी माझी गत झाली होती. तराजूत पावडर ओतण्यापूर्वी डब्यावरचे लेबल बोट ठेवून वाचण्याची सवय होती, म्हणून निभावले.

पुस्तक जुने नसावे, हे मी आग्रहाने सांगतो. .३०८ विंचेस्टरची कमाल मर्यादा तांब्याचा तुकडा चेपून मोजण्याच्या जुन्या पद्धतीत ५२,००० आणि विद्युत सेन्सरने मोजण्याच्या नव्या पद्धतीत ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावरील पौंडांत मोजलेला दाब) अशी लिहिली जाते. काडतूस तेच असते, फरक मापाचा असतो. तरीही मर्यादा १०,००० ने वाढली असे समजून आणखी दोन ग्रेन (पावडरच्या वजनाचे लहान एकक) भरणारा माणूस मी पाहिला आहे.

माझा पहिला प्रेस मी जुना विकत घेतला, तेव्हा त्याच्यासोबत मुखपृष्ठ फाटलेले एक मॅन्युअल मिळाले. त्यातल्या एका तक्त्याच्या कडेला, छापील कमाल आकड्याहून मोठा आकडा कोणीतरी पेन्सिलीने लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. कोणत्या बंदुकीसाठी आणि कोणत्या पुंगळीत, याचा पत्ता नव्हता. ते पुस्तक मी जपून ठेवले आहे. नवा कोणी शिकायला आला, की ते पान आणि चालू आवृत्तीतले तेच पान शेजारी शेजारी उघडून त्याच्यापुढे ठेवतो. प्रेसला हात त्यानंतर लावायचा.

आपला नम्र,
एक वाचक, कॅन्सस सिटी