गोल्फच्या बातमीत नुसता स्कोअर नको, डाव पण समजावून सांगा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

2025 च्या सप्टेंबरच्या शेवटी खेळाच्या पानावर खाली कोपऱ्यात चार ओळींची बातमी होती, युरोपने गोल्फचा रायडर कप जिंकला, 15-13. बस, एवढंच. आमचं दारव्हा तालुक्यात बी-बियाणं अन् खताचं दुकान आहे, पेपर आला की आमच्या आधी गिऱ्हाईकच वाचतात. ताडपत्री घ्यायला आलेल्या एका काकांनी ती बातमी वाचून विचारलं, काहो, हे 15 म्हणजे गोल का रन? प्रश्न एकदम बरोबर होता आणि त्याचं उत्तर पेपरात कुठंच नव्हतं. मला थोडंफार माहीत आहे कारण माझा पुतण्या पुण्याला गोल्फच्या मैदानावर कॅडी आहे, म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी उचलणारा, त्याच्यामुळे मी दोनतीन वेळपासून ही स्पर्धा रात्री मोबाईलवर बघतो. म्हणून हे पत्र.

तर ते 15 म्हणजे पॉइंट. अमेरिकेचे 12 खेळाडू, युरोपचे 12, तीन दिवस खेळ. शुक्रवारी आणि शनिवारी जोड्यांच्या लढती, सकाळी चार दुपारी चार, म्हणजे दोन दिवसाच्या 16 झाल्या, आणि रविवारी बाराही जण एकास एक. एकूण 28 लढती, जिंकणाऱ्याला एक पॉइंट, बरोबरी झाली तर अर्धा-अर्धा. कप घ्यायचा तर साडेचौदा पाहिजेत, पण ज्याच्याकडे आधीपासून कप आहे त्याला 14 झाले तरी तो त्याच्याकडेच राहतो. आणि मोजणी फटक्यांची नाही, होलची, म्हणजे बॉल घालायच्या भोकांची, ज्याचा बॉल कमी फटक्यात गेला त्याने तो होल जिंकला. नेहमीच्या गोल्फमध्ये चार दिवसांचे सगळे फटके मोजतात, इथं एखाद्या होलवर तुमचे दहा फटके गेले तरी तो एकच होल गेला, पुढच्यावर पुन्हा नवीन डाव.

जोड्यांचे पण दोन प्रकार आहेत. एकात चौघांचे चार बॉल, जोडीतल्या ज्याचा कमी फटक्यात गेला तो धरायचा. दुसरा प्रकार मला जास्त आवडतो, त्यात दोघांत मिळून एकच बॉल, एक फटका याचा एक त्याचा. तुमच्या जोडीदाराने बॉल झाडीत घातला तर तिथून तो तुम्हालाच काढावा लागतो आणि त्याच्यावर चिडून चालत नाही कारण पुढचा तुमचा चुकला तर त्यालाच निस्तरायचा आहे. बैलजोडी हाकणाऱ्याला हे एका वाक्यात समजते, काकांना पण समजलं.

आता हा कप दिला कोणी ते ऐका, कारण ते वाचून मी खरंच गप्प बसलो होतो. सॅम्युअल रायडर नावाचा इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स गावचा माणूस, धंदा बियाण्याचा! एका पेनीला एक पाकीट, पोस्टाने घरोघरी, गरीबाला परवडेल असं. त्याच्यातून मोठा झाला, गावाचा मेयर झाला, आणि तब्येतीसाठी म्हणून पन्नाशीत गोल्फ शिकला. त्याने 250 पौंडांचा सोन्याचा कप दिला, फक्त 17 इंच उंच, आणि वर स्वतःचा नाही तर त्याला खेळ शिकवणाऱ्या एब मिचेलचा पुतळा बसवला. 1927 ला अमेरिकेत वूस्टरला पहिला सामना झाला आणि मिचेल नेमका आजारी पडला, अपेंडिक्स, त्याला जाताच आलं नाही. ब्रिटन तो सामना हरलं. मी पण गावच्या कबड्डीला दरवर्षी कप देतो साहेब, बियाण्याच्याच पैशातून, म्हणून हा माणूस मला जवळचा वाटतो.

त्याच कबड्डीच्या फायनलला गेल्या वर्षी रेषेवरून भांडण झालं, पाय लागला का नाही लागला, पोट्टे एकमेकांच्या अंगावर गेले आणि सामना अर्ध्यात सुटला. तेव्हा मी त्यांना 1969 च्या रायडर कपची गोष्ट सांगितली, इथं पण सांगतो. इंग्लंडमध्ये रॉयल बर्कडेलला शेवटची लढत, शेवटचा होल, दोन्ही संघ बरोबरीत. अमेरिकेच्या जॅक निकलसने आपला बॉल घातला, ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा दोन-अडीच फुटावर राहिला. तो चुकला असता तर अमेरिका जिंकली असती. निकलसने जॅकलिनच्या बॉलच्या जागी ठेवलेली खूण स्वतः उचलून त्याच्या हातात दिली, म्हणजे तुझा झाला असं धरलं, खेळायची गरज नाही. 16-16 (तेव्हा लढती 32 होत्या), स्पर्धेच्या इतिहासातली पहिली बरोबरी. त्याचा स्वतःचा कॅप्टन सॅम स्नीड नाराज झाला होता. कप आधीपासून अमेरिकेकडे होता म्हणून तिकडेच राहिला हे खरं, पण निकलसची ती पहिलीच रायडर कप होती आणि पहिल्याच वेळी त्याने असं करावं हे मला फार मोठं वाटते.

पुढे अमेरिका एवढी जिंकत गेली की सामन्यात दम राहिला नाही, तेव्हा समोर ब्रिटनच्या जागी सगळं युरोप घ्या असं सुचवणारा पण निकलसच. 1979 पासून युरोप आलं. 1985 ला युरोप जिंकलं, कॅप्टन जॅकलिन. 1987 ला पहिल्यांदा अमेरिकेत जाऊन जिंकलं, मैदान निकलसने बनवलेलं, अमेरिकेचा कॅप्टन निकलस आणि समोर कॅप्टन तोच जॅकलिन!

आणि 2025 च्या त्या सप्टेंबरला न्यूयॉर्कजवळ बेथपेजला काय झालं तर युरोपच्या रॉरी मॅकिलरॉयला आणि बाकीच्यांना प्रेक्षक शिव्या देत होते, माइकवरची सूत्रसंचालक बाई पण शिव्यांच्या घोषणेत सामील झाली आणि मंग तिला काम सोडावं लागलं. खेळ इकडे केवढा भारी, दोन दिवसांनंतर युरोप साडेअकरा-साडेचार पुढे, रविवारी अमेरिकेने बारापैकी साडेआठ पॉइंट घेऊन घाम काढला. तुमच्या चार ओळींत यातलं काहीच नव्हतं, शिव्या नाही, झुंज नाही.

आपला कोणी त्यात आहे का, हे पण काकांनी विचारलं. नाही, रायडर कप फक्त अमेरिका आणि युरोपची. पण प्रेसिडेंट्स कप म्हणून 1994 पासून दुसरी आहे, अमेरिका विरुद्ध युरोप सोडून बाकीचं जग, त्यात आपला अनिर्बन लाहिरी 2015 ला दक्षिण कोरियात खेळला. शेवटच्या होलवर चारेक फुटाचा बॉल भोकाला घासून बाहेर आला, लढत गेली, आणि संघ एका पॉइंटने हरला, साडेपंधरा-साडेचौदा. त्याच्याबद्दल पण कोणीतरी नीट लिहा, भारतातून तिथपर्यंत जाणारा तो पहिला खेळाडू आहे.

2027 ला रायडर कपला 100 वर्षं होतात, सामना आयर्लंडमध्ये अडेअर मॅनरला आहे. तेव्हा कृपा करून अर्धं पान द्या, डाव कसा मोजतात त्याची एक चौकट टाका आणि त्या बियाणेवाल्याचा फोटो छापा. मी तो कापून दुकानात लावणार आहे.

आपला नियमित वाचक,
एक कृषी केंद्रवाला
ता. दारव्हा, जि. यवतमाळ