आई-बाबा, ते आठ महिने मी गोळ्या घेतच नव्हते

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे बोलायला घेतलं की आई रडते आणि बाबा विषय बदलतात, म्हणून लिहून पाठवतेय. परवा बाबा तुम्ही म्हणालात ना, "जे लोक स्वतःहून औषध सोडतात त्यांच्या मागे तू सुट्टीच्या दिवशी कशाला फिरतेस, एवढी मोठी माणसं, त्यांना कळत नाही का?" मी गप्प बसले, कारण त्या लोकांत मीही होते बाबा. नोकरी बदलली त्या वर्षी आठ महिने मी एचआयव्हीची एकही गोळी घेतली नाही. आई रोज रात्री नऊला फोन करायची, "घेतलीस का गं?" आणि मी "हो" म्हणायचे. ते सगळे "हो" खोटे होते. आई, माफ कर.

मी काही ठरवून सोडलं नव्हतं. मला बरं वाटत होतं, वजन वाढलं होतं, ताप नाही खोकला नाही, आणि बरं वाटायला लागलं की ती गोळीच तेवढी रोज आठवण करून देते की तुला हे आहे. त्यात रूमवर अजून दोघी. बाटली हलली की आतल्या गोळ्या खुळखुळतात, रात्री तो आवाज मला इतका मोठा वाटायचा की मी बाटलीत कापूस कोंबून ठेवायचे. मग औषधं आणायची एक तारीख चुकली, ऑफिसातून सुट्टीच मिळाली नाही. पुढच्या आठवड्यात गेले तर काउंटरवरच्या माणसाने सगळ्यांसमोर झापलं, "तुम्हालाच जिवाची पर्वा नाही तर आम्ही काय करायचं?" रांगेतली माणसं वळून बघायला लागली आणि मी औषध न घेताच परत आले. मग असं होतं ना, की एक महिना गेला म्हणून दुसऱ्या महिन्यात जायची लाज, दोन गेले म्हणून तिसऱ्यात अजून जास्त लाज. तारीख काय कोणाचीही चुकते, पण परत कुठल्या तोंडाने जायचं या विचारातच महिने निघून जातात, मी आता दर आठवड्याला हेच ऐकते.

आणि आत काय चालू असतं ते तेव्हा मला नीट कोणी सांगितलंच नव्हतं. गोळ्या विषाणूला वाढू देत नाहीत पण तो पूर्ण संपत नाही, काही पेशींत लपून पडून राहतो, औषध थांबलं की बहुतेकांच्यात दोन-चार आठवड्यांत परत रक्तात दिसायला लागतो. एके काळी डॉक्टरांनाही वाटायचं की मधेमधे औषधाला सुट्टी दिली तर साइड इफेक्ट कमी होतील. त्यासाठी स्मार्ट नावाची मोठी ट्रायल झाली, जवळजवळ साडेपाच हजार लोक होते त्यात, आणि २००६ मध्ये सुट्टीवाल्या गटाचं औषध परत सुरू करायला लावावं लागलं, कारण त्यांच्यात आजारपणं आणि मृत्यू जास्त होते, हृदय-किडनी-लिव्हरचे त्राससुद्धा त्यांनाच जास्त.

मला परत आणलं ते एका सिस्टरच्या फोनने. का आला नाहीत असं त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. म्हणाल्या, "औषधं संपली असतील ना? उद्या तीनला मी आहे, रांगेत थांबू नका, थेट माझ्याकडे या." बस एवढंच. गेले. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, ८६ हजार आला होता, रिपोर्ट बघून माझे हात थरथरत होते, त्यांनी तो कागद उलटा ठेवला आणि म्हणाल्या आधी पाणी प्या. नशीब की जुनी औषधं अजून लागू पडत होती, काही महिन्यांत लोड ५० च्या खाली आला आणि तेव्हापासून तिथेच आहे.

आई, तुला माझ्या लग्नाची काळजी असते म्हणून हेही लिहिते, अवघड वाटतंय तरी. लोड असा दबलेला राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. युरोपात शेकडो जोडपी, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही, कंडोम न वापरणारी, वर्षानुवर्षं तपासत राहिले, २०१६ आणि २०१९ मध्ये निकाल आले, आणि औषधावर लोड दबलेल्या जोडीदाराकडून लागण झालेला एकही जण सापडला नाही. पण हे सगळं गोळी चालू आहे तोवरच.

म्हणून शनिवारी मी यादी घेऊन फोन करायला बसते. तारखेला २८ दिवस होऊन गेलेले लोक. खरं तर तिसऱ्याच दिवशी फोन जायला हवा, मी हे मीटिंगमध्ये सारखी बोलत असते. कोणाचा नंबर बदललेला, कोणी घरी सांगितलेलंच नाही, दुसऱ्या कोणी फोन उचलला तर कुठून बोलतोय ते आम्ही कधीच सांगत नाही. कोणाची दर महिन्याला दिवसाची मजुरी बुडते. अशांना दहा वेळा समजावण्यापेक्षा एकदम जास्त महिन्यांची औषधं हातात द्या असं माझं स्पष्ट मत आहे, ज्यांचं नीट चाललंय त्यांना तीन ते सहा महिन्यांची द्यावीत असं डब्ल्यूएचओनेही म्हटलंय, पण सगळीकडे अजून होत नाही.

गेले तीन शनिवार एक मुलगा फोन कट करत होता, विशीतला असेल. आज उचलला. बराच वेळ काही बोललाच नाही, मग हळूच म्हणाला, "ताई, बाटली वाजते हो, रूमवर सगळ्यांना ऐकू जाते." मी म्हटलं, कापूस घाल, मी घालायचे. सोमवारी तीनला येतो म्हणालाय. मी हाफ डे टाकलाय.

आई, आज रात्री नऊला फोन कर.

तुमची,
लेक