४१ चौकोन मोजणाऱ्या मुला, तुझे आभार

प्रिय मुला,

जाताना तू "बाई, माझं नाव कुठं लिहू नका हं" म्हणालास, म्हणून लिहीत नाही. पण पत्र लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

संगणक उघडेना म्हणून तू येण्याआधीच्या शुक्रवारी मी सीपीयू गोणपाटात गुंडाळून डिचोलीहून बसने म्हापशाला नेला होता. बाजाराची गर्दी, वर पाऊस. दुकानदाराने पासवर्ड घातला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा पासवर्डच मागू लागला. दोनदा तसं झाल्यावर म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल. आतलं सगळं गेलं समजा." आत काय आहे हे विचारलंसुद्धा नाही. माझ्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टीम आहे; दुसऱ्याने तर तिचं नाव ऐकताच हात झटकले. जमत नसेल तर तसं सांगावं, पण न बघताच 'गेलं' म्हणायचं?

आत ओव्या होत्या. गावोगाव फिरून, जात्यावर दळलेल्या बायकांकडून सहा वर्षं उतरवून घेतलेल्या. एका बाईची एक फाईल. त्यातल्या तिघी आता नाहीत. परतीच्या बसमध्ये गोणपाट मांडीवर घेऊन मी त्या तिघींचीच नावं घोकत होते.

तू कॉलेजातून परस्पर आलास, ओला रेनकोट पडवीत टांगलास. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ एकदम दाबलंस आणि चित्रं, माऊसचा बाण, सगळं जाऊन नुसता काळा पडदा उरला. माझ्या पोटात गोळाच आला. तू म्हणालास, "बाई, डेस्कटॉप हा लिनक्सवर चालणारा एक प्रोग्राम. तो बंद केला तरी खालची सिस्टीम चालूच राहते, फायली जिथल्या तिथं असतात."

आणि दुरुस्तीला हात घालण्याआधी तू फायलींची यादी काढलीस. नावं मराठीत, आणि त्या काळ्या पडद्याला देवनागरी येत नाही. त्याच्या फाँटात जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात म्हणे. त्यामुळे नावांच्या जागी नुसते चौकोन. माझा चेहरा बघून तू खुर्ची जवळ ओढलीस आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ मोजायला लागलास. मी वही उघडली. तू ४१ म्हणालास. वहीतही ४१. मोजायला एक कमांड पुरली असती, हे तू नंतर सांगितलंस. "पण बाई, तुम्हाला दिसायला हवं होतं."

तुझं ते बोट मी विसरणार नाही रे.

पुढचं पाच मिनिटांत झालं. प्रिंटर बसवायला आलेल्या मेकॅनिकने डेस्कटॉप थांबवला होता आणि 'सुडो' लावून, म्हणजे रूट या मुख्य खात्याच्या अधिकाराने, 'स्टार्टएक्स' या कमांडने पुन्हा चालू केला होता. तेवढ्याने डेस्कटॉप उघडायला लागणारी एक्सऑथॉरिटी नावाची एक लहानशी फाईल रूटच्या मालकीची झाली आणि माझ्याच घरात मला दार बंद. तू मालकी मला परत दिलीस, पासवर्ड विचारणारा लाइटडीएम हा प्रोग्राम थांबवून चालू केलास. पासवर्ड मात्र मला घालायला लावलास, आणि तेवढ्यापुरता खिडकीबाहेर बघत राहिलास. एवढी मर्यादा कोण पाळतं आजकाल?

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतलं तेव्हा तोही हेलसिंकीत शिकणारा मुलगाच होता, हे तूच सांगितलंस. त्याने ते सगळ्यांसाठी खुलं केलं, जगभरच्या किती जणांनी त्यात आपली भर घातली. कुणाचं कोण, पण त्यांचं काम माझ्या पडवीपर्यंत पोचलं, आणि ते चालतं ठेवायला तू पावसातून आलास. अशी माणसं आहेत म्हणून माझ्यासारखीला या वयात नवं शिकायचा धीर होतो.

पैसे घेतले नाहीस, चहाही अर्धाच प्यालास. आता चवथीला ये, नेवऱ्यांचा डबा तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवते. आईलाही घेऊन ये.

४२वी फाईल काल उघडली. आजी नव्वदीच्या आहेत आणि त्यांना सकाळीच आठवतं, म्हणून उद्या पहिल्या बसने निघायचंय.

तुझी,
बाई